पोफळीच्या बुंध्याशी

केळव्याच्या वाडीत सुपारी पाडायचं काम चाललेलं. तात्या पोफळीवर चढायला पायात दोरी अडकवत होता. त्याची बायको जयवंती नि मी शेजारीण नर्मदा, आमी खाली सुपारी गोळा करत होतो. येकाएकी तात्याच्या हातातली दोरी गळाली. काय झालं विचारलं तर बोलणं सगळं बोबडं, तोंड वाकडं नि उजवा हात नुसता लोंबकळतोय.

"फेफरं हाय हे!" म्हणत त्याचा जोडीदार झुंबर धावला नि पायातली चप्पल काढून तात्याच्या नाकाला लावली. काय सांगू, थोड्या वेळानं तोंड सरळ, हात हलायला लागला!

"काय बघताय? तमाशा हाय काय?" तात्या खेकसला. सगळे हसले. मेला झुंबर तर चप्पल हातात घेऊन डाक्टरच्या तोऱ्यात मिरवायला लागला.

तात्यानं परत दोरी उचलली. तशी जयवंती बुंध्याला मिठी मारून खालीच बसली.

"बाजूला हो. ऊन चढतंय."

"नाय होणार. पालघरला दवाखान्यात चला."

"अगं, बरा झालो ना!"

"माजा बापूस पण असाच बरा झालेला. असाच हात पडला, असाच परत आला, आमी हसलो. दुसऱ्या दिवशी आडवा झाला तो उठलाच नाय. मरेस्तोवर मला नावानं हाक मारता आली नाय त्याला."

"चार माणसांत माजी लाज काढतेस?"

"काढते. चढायचंच तर माज्या डोक्यावर पाय ठेवून चढा!"

तात्या तापट माणूस. हात उगारतो की काय, असं मला वाटलं. शेवटी मीच ओरडले, "झुंबर, ती चप्पल पायात घाल नि रिक्षा बघ!"

तात्या शिव्या देत रिक्षात बसला. दवाखान्याच्या दारात उतरताना हात पुन्हा पडला, तोंड वाकडं झालं, नि या खेपेला काय सरळ होईना. आत नेऊन डोक्याचा फोटो काढला, सुई लावली.

"मेंदूकडं जाणारं रक्त अडलंय," डाक्टरीण म्हणाली. "मघाचा झटका इशारा होता. लगेच आणलंत म्हणून औषध तरी देता आलं."

आता तात्या चालतो, पण उजव्या हातात जोर नाय. वाडीत खाली बसून झुंबरवर हुकूम सोडतो नि दिवसभर बायकोच्या नावानं खडे फोडतो, "तुज्यामुळं माजं चढणं सुटलं, भवाने!"

जयवंती सुपारी वेचता वेचता म्हणते, "अजून द्या शिव्या. आज शब्द साफ येतायत."