पाण्याकडे पाठ केलेली घरं

माळ्याच्या फळ्या काढायला मिस्त्रीला खरं तर अर्धा दिवस पुष्कळ झाला असता. पण तिसरी फळी उचकटली आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. वरच्या तुळईवर मासा कोरलेला होता. बोटभर लांबीचा, पटाशीच्या चार घावांत काढलेला. त्याच्यापुढे सात रेघा होत्या.

"सिस्टर, जरा वर येता का?"

सिस्टर म्हणजे घराची मालकीण. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नर्स होती, म्हणून सगळी गल्लीच तिला सिस्टर म्हणायची. आत्याच्या माघारी हे घर तिच्याकडे आलं होतं. छप्पर गळायला लागलं, तेव्हा तिनं मिस्त्रीला बोलावलं. ती शिडीच्या मधल्या पायरीवर उभी राहिली, मान वाकडी करून तिनं बघितलं आणि म्हणाली, "आत्याला मासे आवडायचे हे माहीत होतं. पण इतके?"

मिस्त्री हसला, पण त्याचं लक्ष पुढच्या तुळईकडे गेलं होतं. तिथंही मासा, आणि आठ रेघा. पलीकडे नऊ. मग तो खाली उतरला, खांबांच्या पायाशी बसला आणि चुन्याचे जुने थर नखानं खरवडायला लागला. प्रत्येक खांबाच्या पायाशी तोच मासा निघाला, आणि प्रत्येकापुढच्या रेघा वेगळ्या.

त्याहून मोठं नवल त्याला सांध्यांचं वाटलं. एवढ्या घरात लोखंडाचा एक खिळा नव्हता. सगळीकडे लाकडी खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीचं एक टोक बाहेर ठेवलेलं, हातोडीची हलकी टिचकी मारली की निघेल असं. मिस्त्रीनं एक मारून बघितली. शंभर वर्षांपेक्षा जुनी खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी बाहेर आली. त्यानं ती घाईघाईनं परत बसवली.

"काय झालं?" सिस्टरनं विचारलं.

"काही नाही. चोवीस वर्षं सुतारकाम करतोय मी. स्वतःला जरा शहाणा समजत होतो." त्यानं खांबावरून हात फिरवला. "सिस्टर, हे घर कुणीतरी सुटं करून परत जोडलंय. प्रत्येक तुकडा कुठं बसायचा ते लिहून."

हे गाव तसं कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. आता तर शहरानं पसरत पसरत येऊन त्याला काखेत घेतलं होतं. सकाळी सातला बसस्टॉपवर रांग लागायची, संध्याकाळी सातला तीच माणसं दमून उतरायची. इथं कधी लढाई झाली नाही, कुणी मोठा माणूस जन्मला नाही. पाणी येतं आणि पाणी जातं, हाच गावचा इतिहास, असं लोक स्वतःच म्हणायचे. एकच गोष्ट थट्टेची होती. काठावरच्या जुन्या घरांच्या रांगेनं पाण्याकडे पाठ केली होती. समोर एवढं झगझगतं पाणी, आणि दारं मात्र गल्लीकडे. नवीन इमारतीतले लोक बाल्कनीत चहा पीत म्हणायचे, "आमच्या गावचे पूर्वज पाण्यावर रुसले होते."

मिस्त्रीला त्या रात्री झोप कशी ती लागली नाही. दुसऱ्या दिवशी कामाला जायच्या आधी तो शेजारच्या लाँड्रीत शिरला. लाँड्रीवाल्याचं घरही त्याच रांगेतलं, तेच खांब. इस्त्रीच्या टेबलामागच्या खांबाशी त्यानं चुना खरवडला, तर कंगवा निघाला. कंगवा आणि अकरा रेघा.

"माझं घर पाडणार आहेस का?" लाँड्रीवाल्यानं विचारलं.

"पाडायचं असतं तर बरं होतं. हे पाडताच येत नाही, नुसतं सुटं होतं."

त्याच्या पुढचं घर कंपाउंडरचं. तिथं चंद्रकोर. त्याच्या पुढे किल्ली. दुपारपर्यंत मिस्त्रीनं रांगेतली तीसच्या तीस घरं पालथी घातली. तीस घरं, तीस खुणा, आणि एकाच माणसाची पटाशी. हे त्याला लगेच कळलं. त्या माणसाचा डावीकडचा घाव जरा खोल जायचा.

सगळ्यांनी एकच सल्ला दिला, लाँचवाल्या आजोबांना विचार.

लाँचवाले आजोबा नव्वदीला टेकले होते. पूल व्हायच्या आधी या पाण्यावरून माणसं नेण्या-आणण्याचं काम त्यांनी पन्नास वर्षं केलं होतं. आता धक्क्यावरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची उलटतपासणी घ्यायचे. मिस्त्री आणि सिस्टर दोघं गेली, तेव्हा आजोबा म्हणाले, "शेवटी विचारलंत म्हणायचं. मी म्हटलं, हे माझ्याबरोबरच जातंय."

"आजोबा, मग कधी सांगितलं का नाहीत?" सिस्टर म्हणाली.

"सांगितलं की. माझ्या मुलाला सांगितलं, तो म्हणाला, बाबा, औषध घ्या."

त्यांनी काठीनं समोरच्या पाण्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं. "हे गाव इथं जन्मलेलंच नाही पोरी. ते तिकडून आलं. बोटीत बसून."

समोर पाण्याशिवाय काही नव्हतं. आजोबा सांगत गेले तसतसं मात्र त्या पाण्यात काहीतरी दिसायला लागलं. त्यांच्या पणजीच्या लहानपणी तिथं वाळूचं एक लांबट बेट होतं, आणि त्याच्या काठाला एकतीस घरं. दरवर्षी पाणी हातभर जमीन खायचं. मग एका वर्षी एकदम वीस हात खाल्ली. लोक जमले. काही म्हणाले, घरं सोडून जाऊ. काही म्हणाले, राहू, बुडायचं तर बुडू. तेव्हा गावचा सुतार उठला. तो बोलायला फारसा उठत नसे. म्हणाला, "घरं इथं कशाला सोडायची? बरोबर घेऊन जाऊ."

"लोक हसले असतील," सिस्टर म्हणाली.

"हसले तर! पण हसण्याशिवाय दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून ऐकलंही. वारा उलटा फिरला की खाडीत होडी घालता येत नाही, आणि त्याला पस्तीस दिवस होते. त्यानं त्यातले पहिले पाच दिवस नुसते खुणा करण्यात घालवले. सकाळी उठला की पटाशी घेऊन ह्या घरात शीर, त्या घरात शीर. लोक वैतागले. पाणी गळ्याशी आलंय, आणि हा मासे नि चंद्र काढत बसलाय! सहाव्या दिवशी पहिलं घर उतरवलं. दोन होड्या शेजारी शेजारी बांधल्या, वर फळ्या टाकल्या, त्यावर सगळं घर रचलं. ओहोटीला उतरवायचं, भरतीला आणायचं, इथं उभं करायचं. दिवसाला एक घर."

"दिवसाला एक?" मिस्त्रीच्या तोंडून कसंबसं निघालं. "अख्खं?"

"अख्खं. माझ्या पणजीला ताप होता, म्हणून तिचं घर पहिलं. ती म्हणायची, सकाळी तिकडे डोळे मिटले आणि संध्याकाळी इकडे उघडले, तर डोक्यावर तेच छप्पर. बायकांनी एकच अट घातली होती. दारातून सकाळचं ऊन चुलीपर्यंत यायचं, ते तसंच आलं पाहिजे. म्हणून दारांची दिशा बदलली नाही. तिकडे पाणी दारासमोर होतं, इकडे पाठीमागे आलं. एवढंच. रुसलंबिसलं कुणी नव्हतं."

रोज सकाळी ड्यूटीवरून येऊन सिस्टर ज्या उन्हात चहाचा कप घेऊन बसायची, ते ऊन कुणीतरी मागून घेतलेलं होतं.

"आणि एकतिसावं घर?" मिस्त्रीनं विचारलं.

"ते त्याचं स्वतःचं. बिचाऱ्याला वेळच पुरला नाही. तीस घरं आणली, आणि दुसऱ्या दिवशी वारा फिरला. जन्मभर इथं एका पडवीत राहिला म्हणे, दुसऱ्याच्या." आजोबा थांबले. मग त्यांनी डोळे बारीक केले. "बघायचंय का? यंदाच्या वादळानं तिकडची वाळू ढकललीय. परवा सकाळी वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी आहे. माझ्या हयातीत हे दुसऱ्यांदा उघडं पडतंय."

सिस्टरनं रजा टाकली. ठरल्या सकाळी आजोबांच्या नातवानं होडी काढली, आणि "मी घरी बसून काय करू, माशा मारू?" असं म्हणत आजोबाही चढले.

पाणी इतकं मागे गेलं होतं, की खाडीच्या मध्यावर ओली, करडी जमीन मगरीच्या पाठीसारखी वर आली होती. आधी नुसती वाळू दिसली. मग होडी टेकली, मिस्त्री उतरला, चार पावलं गेला आणि उभाच राहिला.

त्याच्यासमोर गल्ली होती.

दगडी जोत्यांची सरळ रांग, त्यांच्यापुढून जाणारी फरसबंदी, फरसबंदीवरून पाणी वाहून जायला काढलेली पन्हळ. जोती शेवाळानं हिरवी झाली होती, कोपरे मात्र अजून काटकोनात होते. मिस्त्रीनं टेप काढला. पहिल्या जोत्याची लांबी त्यानं मोजली, मग दुसऱ्याची. सातव्याला त्यानं सिस्टरला हाक मारली.

"या. हे तुमचं."

"कशावरून?"

"चौदा फूट आठ इंच, आणि मागच्या बाजूला अडीच फुटांचा बाहेर आलेला कोपरा. अख्ख्या रांगेत असा कोपरा एकाच घराला आहे. तुमच्या स्वयंपाकघराला. मी गेल्या आठवड्यात त्याच्यावर पत्रा टाकायला मोजलाय."

सिस्टर जोत्यावर चढली. पायऱ्या होत्या तिथूनच चढली, हे तिच्याही लक्षात आलं नाही. चार पावलं पुढे, मग डावीकडे वळून ती त्या कोपऱ्यात उभी राहिली, जिथं घरी तिचा गॅस होता. तेवढ्यात पूर्वेकडून ऊन वर आलं आणि सरळ तिच्या पायांशी येऊन पडलं. तिनं तोंडावर हात ठेवला. दवाखान्यात रोज जन्म-मरण बघणारी बाई, पण तिचे खांदे हलायला लागले. आजोबा होडीतून बघत होते. तेही गप्प झाले, आणि ते गप्प होणं ही त्या गावात बातमीच होती.

मिस्त्री पुढे चालत राहिला. तिसाव्या जोत्यानंतर थोडी जागा सोडून एक लहानसं जोतं होतं. दारापाशी धार लावायचा दगड पुरलेला होता, वापरून वापरून मध्ये वाटीसारखा खोल गेलेला. हे कुणाचं घर, ते विचारायची गरज नव्हती. या जोत्यावर खांबही होते. इतकी वर्षं गाळात गाडलेले, गुडघाभर उंचीचे, काळेकुट्ट. वरचं पाण्यानं नेलं होतं, खालचं गाळानं जपलं होतं.

तो गुडघ्यांवर बसला. पहिल्या खांबाचा गाळ त्यानं हातानं निपटला. पायापर्यंत. लाकूड गुळगुळीत होतं. त्यानं दुसरा खांब साफ केला, मग तिसरा. चारी बाजूंनी बोटं फिरवली. आठच्या आठ खांब झाले, तेव्हा तो ताडकन उठला.

"आजोबा!" तो ओरडला. "याच्यावर खूण नाही!"

"वेळ मिळाला नाही म्हणून सांगितलं ना तुला!"

"नाही आजोबा, नीट ऐका." मिस्त्री धावत होडीपाशी आला. त्याला धाप लागली होती. "खुणा त्यानं आधी केल्या. पाच दिवस. पहिलं घर हलायच्या आधी. बरोबर?"

"बरोबर."

"घरं एकतीस, आणि हातात दिवस तीस. हे त्याला पहिल्याच दिवशी माहीत होतं. त्यानं तीस घरांवर खुणा केल्या. स्वतःच्या घराला पटाशी लावलीसुद्धा नाही."

आजोबांनी त्याच्याकडे बघितलं, मग लांबच्या त्या जोत्याकडे.

"आम्ही त्याला बिचारा म्हणत आलो," ते म्हणाले. "चार पिढ्या."

पाणी परत यायला लागलं होतं. आजोबांच्या नातवानं होडी वळवली. धक्क्यावर पाय ठेवल्यावर सिस्टरला राहवेना. तिनं आधी लाँड्रीवाल्याला सांगितलं, आणि लाँड्रीवाल्याला सांगितलेलं दुपारपर्यंत पोस्टमनला माहीत असतं.

ओहोटी दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तेवढीच होती. सकाळी बसस्टॉपवर रांग लागली नाही. नऊ होड्या निघाल्या. कंपाउंडर सहकुटुंब आला. ज्यांनी घरं विकून फ्लॅट घेतले होते, तेही आले. मिस्त्री टेप घेऊन पुढे, आणि मागून लोक. तो आकडा सांगायचा, कुणीतरी "हे आमचं!" म्हणून ओरडायचं. भिंती नसलेल्या घरांत माणसं दारातूनच आत जात होती. कंपाउंडरची बायको तर नवऱ्यावर खेकसली, "अहो, भिंतीतून काय चालताय!" पोरं या घरातून त्या घरात उड्या मारत होती, म्हातारी माणसं जोत्यांवर टेकली होती, आणि मध्येच सगळं शांत व्हायचं, नुसता पाण्याचा आवाज उरायचा.

हळूहळू सगळे शेवटच्या जोत्याभोवती जमले. शंभरएक माणसं असतील. आत मात्र कुणी पाऊल टाकेना. त्या घरात आपण कोणत्या तोंडानं जायचं, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होतं.

"मिस्त्री, तू जा," लाँड्रीवाला म्हणाला.

"मी? मी तर तुमच्या गावचाही नाही."

"तू जा रे," आजोबा म्हणाले. "त्यानं काय केलं ते तुलाच वाचता आलं. आम्ही इतकी वर्षं त्याच्या खांबांना टेकून बसलो, आणि आम्हाला वाचता आलं नाही."

मिस्त्रीनं चपला काढल्या. पायाखाली घोट्यापर्यंत गाळ होता, तरी काढल्या. धार लावायच्या दगडाला वळसा घालून तो आत गेला. खोली लहान होती, दहा बाय अकरा, टेप न लावता त्याला ते कळलं. मधोमध तो उभा राहिला. तिथून पुढची सगळी रांग दिसत होती, तीसच्या तीस जोती. आणि पाण्यापलीकडे, थोड्या धुक्यात, तीसच्या तीस घरं, तशीच ओळीनं, त्याच क्रमानं. त्या माणसानं रोज संध्याकाळी परत येऊन, इथं उभं राहून त्या काठावर एक-एक छप्पर वाढताना बघितलं असणार. आयुष्यात मिस्त्रीनं शेकडो दारं बसवली होती. एवढ्या मोठ्या कामासमोर उभं राहायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

पहिली लाट जोत्याला येऊन लागली. मागून सिस्टर हलक्या आवाजात म्हणाली, "मिस्त्री, पाणी आलं."

"हो," तो म्हणाला. "एवढं बघून घेतो."

आणि शंभर माणसं, घोटाभर पाण्यात, त्याच्यासाठी थांबली.