मीथिंक्स

करमअली कुवेतहून कायमचे परतले आणि श्रीवर्धनला त्यांनी इंग्रजी शाळा काढली. फाटकाच्या आत मराठी बंद. चुकून कुणी मराठी बोललंच, तर दिवसभर वर्गाबाहेर उभं राहायचं. ते स्वतः भाषणाला उभे राहिले की प्रत्येक वाक्य ‘मीथिंक्स’नं सुरू करायचे. हा शब्द त्यांनी तिकडे एका गोऱ्या साहेबाकडून उचलला होता. साध्या ‘आय थिंक’चा हा राजघराण्यातला थोरला भाऊ, अशी त्यांची पक्की समजूत. बघता बघता शाळेतल्या बाईसुद्धा मीथिंक्स म्हणायला लागल्या.

स्नेहसंमेलनाला पाहुण्या म्हणून मुंबईहून प्राध्यापक अमिषा म्हात्रे आल्या. त्या जुनी इंग्रजी शिकवायच्या. करमअलींनी त्या दिवशी मीथिंक्सचा नुसता सडा घातला. म्हात्रेबाई उठल्या आणि त्यांनी मनापासून कौतुक केलं. म्हणाल्या, हा फार जुना शब्द, पण याचा विचार करण्याशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत दोन बहिणी-बहिणी क्रियापदं होती, एक विचार करण्याचं आणि एक वाटण्याचं. पुढे दोघींचा उच्चार सारखाच होऊन बसला आणि वाटणारी बहीण मेली. मागे उरला तो एवढा एक शब्द. त्यातला ‘मी’ म्हणजे ‘मला’.

“इंग्रजांनी ही रचना हरवली, आपण जपली,” त्या हसून म्हणाल्या. “सर, तुम्ही भाषणभर ‘मला वाटतं’ असंच म्हणत होता.”

मंडपात हशा पिकला. करमअलींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपल्याच नियमानं आपल्याला आता वर्गाबाहेर उभं राहावं लागेल, हे त्यांच्या ध्यानात आलं. पण कुवेतमध्ये तीस वर्षं साहेब सांभाळलेला माणूस असा हार जाणारा नव्हता.

सोमवारी प्रार्थनेनंतर त्यांनी जाहीर केलं की ‘मला वाटतं’ हे अस्सल प्राचीन इंग्रजी आहे, सबब त्याला शाळेत परवानगी आहे.

मुलांना एवढं पुरे होतं. मला वाटतं भूक लागली. मला वाटतं शेजारच्या अनमनं माझं पेन घेतलं. मला वाटतं घंटा झाली. आठवड्याभरात सगळी शाळा प्राचीन इंग्रजीत घडाघडा बोलू लागली आणि वर्गाबाहेर उभं राहायला कुणी उरलं नाही.

पालकसभेत करमअलींनी सांगितलं, मुलांचा आत्मविश्वास कमालीचा वाढला आहे. घरी जेवताना मात्र ते बायकोला, जैबुन्निसाला म्हणाले, “मीथिंक्स, कालवणात मीठ कमी आहे.”

“वाटतं कसलं,” ती म्हणाली, “कमीच हाय.”