मंगळवारचा अकराचा प्रश्न

कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर इतकी गर्दी झाली होती की शिपायाला त्याचंच स्टूल मिळेना. तीन महिन्यांपूर्वी वारलेल्या विज्ञानाच्या बाई दर मंगळवारी अकराच्या ठोक्याला पडद्यावर प्रश्न विचारतात, हे आता सगळ्यांच्या तोंडी झालं होतं. ज्यांची मुलं या शाळेत नव्हती, तेही खिडकीला नाक लावून उभे होते.

बाईंनी आठवीसाठी ऑनलाइन पान सुरू केलं होतं. त्यावर त्या प्रश्न टाकायच्या. मुलांनी मोजायचं, शोधायचं, सापडलेलं तिथे लिहायचं आणि पुढे 'कशावरून?' तेही लिहायचं. तयार उत्तर बाईंनी कधी दिलं नाही.

त्यांची मुलगी पहिल्या बाकावर बसली होती. आई गेल्यावर पहिल्यांदा तिचं नाव पडद्यावर उमटलं, तेव्हा मुलीच्या अंगावर काटा आला होता, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला होता. तेव्हापासून तिचा आठवडा मंगळवारपुरताच उरला होता. वडील मात्र घाबरले आणि मेलेल्यांशी बोलतो म्हणणाऱ्या एका आत्मेवाल्यांना घेऊन आले. बाईंचा जीव मुलीत अडकलाय, तिला शाळेतून काढल्याशिवाय सुटका नाही, असं आत्मेवाल्यांनी सांगून टाकलं होतं. शाळा सोडण्याचा अर्ज वडिलांच्या खिशात तयार होता.

"लहरी जुळतायत," आत्मेवाले डोळे मिटून म्हणाले. एक डोळा भिंतीवरच्या घड्याळापुरता उघडा होता. "हे नेटवर्क इथलं नाही, पलीकडचं आहे. बाई सगळं बघतायत. पोरीच्या बुटाची तुटलेली नाडीसुद्धा."

अकरा वाजले. पडद्यावर आईचं नाव आलं.

'फाटकाजवळच्या झाडाची सावली आत्ता मोजा. बारा वाजता पुन्हा मोजा. काय बदललं? कशावरून?'

मुलीने खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. तिथे नवी भिंत होती आणि भिंतीशी बुंधा.

"झाड तर तोडलंय," ती म्हणाली. "आई गेल्यानंतर महिन्याने."

"आत्म्यांना झाडं दिसत नाहीत, बाळ."

"नाडी दिसते आणि झाड दिसत नाही? कशावरून?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. आत्मेवाल्यांनी लहरी तुटल्याचं जाहीर केलं.

मुलगी वडिलांकडे वळली. उत्तर काय निघणार हे तिला कळून चुकलं होतं आणि ते तिला नको होतं. "बाबा, आईचा फोन द्या."

वडिलांनी तो फोन रोज चार्ज केला होता, पण उघडण्याचा धीर एकदाही झाला नव्हता. त्यांनी तो काढून दिला. बाईंच्या जागी आलेल्या नव्या सरांनी मुलीसमोरच त्यावर वर्गाचं पान उघडलं. 'पुढे पाठवायचे प्रश्न' अशी यादी होती. प्रत्येकापुढे वार मंगळवार, वेळ अकरा. लिहिल्याची तारीख मात्र सगळ्यांची एकच होती, बाई दवाखान्यात होत्या त्या शेवटच्या आठवड्यातली.

"तिने शाळेचं वर्ष संपेपर्यंतचे लिहून ठेवले," वडील म्हणाले आणि खाली बसले. "मला वाटायचं, फोनवर काहीतरी बघत पडलीय."

मुलगी रडली. आई आज बोलत नव्हती, गेल्यापासून कधीच बोलली नव्हती. भूत होतं तेच बरं होतं, असंही तिला क्षणभर वाटलं.

सर गर्दीकडे वळले. "वेळ लावली की मशीन प्रश्न पाठवतं. हे बघायला दोन मिनिटं लागतात. आपण तीन महिने घाबरलो, मीसुद्धा, पण कुणी उघडून पाहिलं नाही. घाबरा हवं तर. पण मुलीची शाळा सोडवण्याआधी एवढं तरी विचारा की, कशावरून?"

आत्मेवाले कधी निसटले ते कुणाला कळलं नाही. वडिलांनी खिशातला अर्ज काढला आणि त्याचे चार तुकडे केले.

मुलगी पट्टी घेऊन फाटकाकडे गेली. बारा वाजता तिने पानावर लिहिलं: 'झाड नाही, त्यामुळे सावली नाही. बुंध्यावर एकेचाळीस वलयं आहेत, दर वर्षाचं एक. म्हणजे झाड साधारण एकेचाळीस वर्षांचं होतं. कशावरून: मी स्वतः दोनदा मोजली.'

यादीत अजून एकोणीस मंगळवार होते.