बारा माणसांपुढे

वेंडेल प्रॅटनं नाही म्हटलं आणि डेल्मर कुबेनाचे वकील संपले. ह्यूस्टनचे दोन झाले, ऑस्टिनचा एक झाला, सान अँटोनियोच्या बाई झाल्या, आणि उरला होता गावातला वेंडेल. खरं तर वेंडेल शाळेपासूनचा मित्र, दर गुरुवारी डॉमिनोच्या डावाला टेबलावर समोर बसणारा जोडीदार. त्याच्याकडे पहिल्यांदा जायचं, तर डेल्मर शेवटी गेला. कारण लाज.

"चूक कुणाची ते आंधळ्यालाही दिसतंय," वेंडेल म्हणाला. "हॉस्पिटलात सुई शिरेतून निसटली, औषध हातात पसरलं, सकाळपर्यंत कुणी धड बघितलं नाही. अल्बिनाची दोन बोटं गेली. पण कोर्ट विचारणार, कमाईचं नुकसान किती? चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे काय मिळायचे तिला?"

"काही नाही. फादर दोनदा देत होते. मीच म्हटलं, माझी बायको देवाचं काम विकत नाही."

"वा, काय बोललास! अरे, बुडालेला पगार मागता आला असता. आता मागे राहतं नुसतं दुःख, आणि दुःखाच्या भरपाईला या राज्यात कायद्यानं झाकण बसवलंय. मी जिंकलो तरच भरपाईतला वाटा घेणारा वकील. साक्षीला तज्ज्ञ डॉक्टर आणता आणताच ती रक्कम संपेल. अल्बिनाच्या हातात काय ठेवू मी?"

डेल्मर टोपी फिरवत बसला. "सार्वमत झालं तेव्हा त्या कायद्याला मी मत दिलं होतं, वेंडेल."

"माहीत आहे बाबा. तुझ्या अंगणातली प्रचाराची पाटी या खिडकीतून दिसायची. सहा आठवडे रोज बघितली."

डेल्मर दुष्ट माणूस नव्हता, हे सांगायलाच हवं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं मानणाऱ्यांतला होता इतकंच. त्याची तिन्ही मुलं गावच्या डॉक्टर मारेकांच्या हातून जन्मली. खटल्यांच्या भीतीनं विम्याचे हप्ते इतके चढले की दवाखाना बंद करतो, असं मारेक म्हणू लागले, तेव्हा डेल्मर भरपाईला झाकण घालणाऱ्या कायद्याच्या बाजूनं उभा राहिला. त्यानं पाटी ठोकली, कायदा झाला, मारेक राहिले, आणि पुढं डेल्मरची नातही त्यांच्याच हातात रडली. हेही खरंच होतं. वेंडेल तेव्हा टेबलावर ओरडायचा, "कोर्टाचं दार लावून घेतोयस, उद्या तुलाच आत यायचं असेल!" आणि डेल्मर म्हणायचा, "मी कशाला मरायला येतोय तुझ्या दारात!" उचलली जीभ लावली टाळ्याला.

घरी अल्बिना डाव्या हातानं कोलाचीच्या गोड पावांचं पीठ मळत होती. खसखशीचं सारण तयार होतं.

"काय म्हणाला वेंडेल?"

"नाही म्हणाला." मग उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगून टाकलं. फादरचे पैसे, झाकण, मत. "माझ्यामुळं झालं हे. मीच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला."

"एकट्याचं एवढं कौतुक नको करूस. मी विरुद्ध मत दिलं होतं."

"काय?"

"त्याच वेळी असं नाही. लग्न झाल्यापासून प्रत्येक वेळी. तू मत द्यायचास, मी पुसून टाकायचे. आपण घरी बसलो असतो तरी राज्याचं काही बिघडलं नसतं. पण येताना तू कॅफेत गोड पेकन पाई खायला घालायचास, ती कशाला सोडू?"

"आणि त्या पाटीला रोज पाणी घालत होतीस ती?"

"पाटी तुझी, गुलाब माझे. मी गुलाबांना घालत होते."

डेल्मरला हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरले. असल्या बाईबरोबर पंचेचाळीस वर्षं राहायला मिळालं, याचंच त्याला नवल वाटलं. "तुला ज्यूरीच्या बारा माणसांपुढं बसवायचं होतं गं," तो म्हणाला. "पंचांनी ऐकायचं. हॉस्पिटलच्या साहेबाला गप्प बसून ऐकावं लागलं असतं."

अल्बिनानं हात पुसला. "म्हणजे केस होणार नाही?"

"नाही."

"कधीच नाही?"

"नाही गं."

"मग आता मी बोलू?"

त्याला आधी कळेचना. मग कळलं. ह्यूस्टनच्या पहिल्या वकिलानं बजावलं होतं की त्या रात्रीबद्दल कुणापाशी चकार शब्द काढू नका, एक शब्द इकडचा तिकडं झाला तर समोरचे धरतील. डेल्मरनं ते वेदवाक्य मानलं. मुलीशी फोनवर ती काही सांगू लागली की हा हात वर करायचा. चर्चच्या आवारातही तेच. घरात दोघंच जेवायला बसले तरी, "आत्ता नको, कोर्टात सांग." अकरा महिने ती मूग गिळून बसली होती. तिचं ऐकायला माणसं शोधत हा गावोगाव हिंडला आणि स्वतः एकदाही ऐकलं नाही. त्याला स्वतःची विलक्षण शरम वाटली.

त्यानं खुर्ची तिच्याजवळ ओढली, टोपी काढली. "बोल."

"बेल तीनदा दाबली मी," अल्बिना म्हणाली. "पहिल्यांदा ती नर्स पोरगी आली, म्हणाली, थोडं दुखणारच. मग दोनदा कुणी आलंच नाही. हात फुगत होता, आग होत होती. चौथ्यांदा बेल हातात घेतली आणि दाबली नाही. म्हटलं, एकटी पोर, किती जणांकडं धावेल? आपण जरा सोसावं. उजाडेपर्यंत बेल मुठीत धरून पडले होते." तिचा आवाज बारीक झाला. "कोर्टात विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, आणि तू समोर बसून ऐकलं असतंस. मला त्या बारा जणांची भीती नव्हती. तुझी होती. दाबली असती तर बोटं वाचली असती, असं तुला वाटलं असतं."

डेल्मरनं तिचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला.

"तुझी चूक नाही," तो म्हणाला.

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"परत म्हण," ती म्हणाली.