ज्योतीचं निर्णायक मत

"झुकली! झुकली! ज्योत झुकली!"

नगरपालिकेच्या सभागृहात एकच गलका झाला. प्रेक्षकांच्या सज्जात माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत होती. एक आजोबा खुर्चीवर उभे राहिले होते आणि त्यांची सून खालून त्यांचे पाय धरून उभी होती. ज्यांना काहीच दिसलं नव्हतं ते सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते. खाली मधोमध एका तिवईवर पितळी दिवा तेवत होता. दिव्याच्या एका बाजूला नगराध्यक्ष आणि बरोबर समोर, मखमली आसनावर, डोळे मिटलेले ज्योतिमहाराज. खिडक्या बंद, पंखे बंद, वाऱ्याची झुळूक नाही, आणि तरी ज्योत नगराध्यक्षांच्या दिशेने चांगली कमरेत वाकली होती. क्षणभर तशीच राहिली आणि पुन्हा ताठ झाली.

"ठराव मंजूर!" नगराध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

ठराव होता बसथांब्यामागच्या गटारावर झाकण टाकण्याचा. साक्षात विश्वचैतन्य आमच्या गटारात लक्ष घालतंय हे पाहून सज्जातल्या कितीतरी बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी या सभागृहातली एक नगरसेविका. नवऱ्याच्या मते तोंडाळ, विरोधकांच्या मते भांडखोर, आणि मतदारांना दोन्ही हवं होतं म्हणून निवडून आले. आम्ही एकूण सोळाजण, आठ इकडचे आणि आठ तिकडचे. इकडच्यांनी 'आज सोमवार' म्हटलं की तिकडच्यांनी हरकतीचा मुद्दा काढलाच म्हणून समजा. मतं समसमान पडली की निर्णायक मत नगराध्यक्षांचं, असा नियम. आता आमचे नगराध्यक्ष म्हणजे छत्र्यांचे दुकानदार, स्वभावाने अगदी गरीब. काळी घेऊ की निळी, असं गिऱ्हाइकाने विचारलं तर "दोन्ही छान आहेत हो" म्हणणारे. मत द्यायची वेळ आली की ते चष्मा पुसत बसायचे. कारण काहीही ठरवलं तरी अर्धं गाव दुसऱ्या दिवशी दुकानासमोरून तोंड फिरवून जायचं.

अशा माणसाला महाराज भेटले नसते तरच नवल.

"अध्यक्षा," महाराज पहिल्याच भेटीत म्हणाले होते, "ज्योतीत अणू, अणूत परमाणू आणि परमाणूत परमेश्वर! विज्ञान आत्ता कुठे तिथपर्यंत पोचतंय, आम्ही तर तिथूनच निघालो. तुमचं मत ज्योतीच्या चरणी ठेवा. होकार असेल तर झुकेल, नकार असेल तर ताठ राहील. विश्वचैतन्याची बिनतारी यंत्रणा आहे ही, कधी बंद पडत नाही!"

झालं. नगराध्यक्षांनी आपलं निर्णायक मत दिव्याला देऊन टाकलं. महाराजांच्या अटी दोनच होत्या. दिव्याला कुणी हात लावायचा नाही, आणि प्रत्येक निर्णयाआधी त्यांच्यासकट सगळ्यांनी डोळे मिटून मौन पाळायचं. सभासद एवढे खूश झाले की विचारू नका. कागद वाचायला नकोत, भाषणं नकोत. आमच्यात एक 'हो-हो' म्हणून ओळखले जाणारे गृहस्थ आहेत, कुणी काहीही म्हटलं तरी दोनदा हो म्हणतात. ते तर मला म्हणाले, "हो हो, आता कसं हलकं वाटतंय! चुकलं तर देवाचं चुकलं." मी विरोध केला तेव्हा माझी गणना दिव्याच्या वैऱ्यांत झाली.

गटारापर्यंत मी हसत होते. मग विषयपत्रिकेवर प्रसूतिगृह आलं.

बाजारामागची दुमजली इमारत. खाली तपासणी, वर बाळंतिणींच्या खाटा. अर्धं गाव तिथे जन्मलं आहे. ठराव असा की ती इमारत महाराजांच्या मठाला ध्यानमंदिरासाठी द्यायची आणि बाळंतिणींनी तालुक्याच्या मोठ्या रुग्णालयात जायचं. ते रुग्णालय एस्टीने तासाभराच्या अंतरावर. प्रसूतिगृहाची डॉक्टर म्हणजे माझी धाकटी नणंद. तिला बाजू मांडायला बोलावलं आणि महाराजांच्या आसनाला लागूनच खुर्ची दिली.

"रक्तस्राव सुरू झालेली बाई एक तास बसमध्ये काय करेल?" तिने विचारलं. "मला फक्त एवढं सांगा, आणि मग इमारत खुशाल घ्या."

महाराजांनी स्मित केलं. "मुली, जीव देणारा तोच आणि नेणारा तोच. मध्ये बसचा काय संबंध?"

मतं पडली आठ-आठ. मौन झालं. ज्योत झुकली, तीही नेहमीपेक्षा खोल. सज्जात जयजयकार सुरू झाला. सार्वजनिक इमारत द्यायची तर पुढच्या सभेत ठराव कायम करावा लागतो, एवढाच काय तो दिलासा. नणंदेकडे पाहिलं तर तिचे डोळे भरलेले, पण मान मात्र तिरकी, जणू कुणाच्या तरी छातीला नळी लावून ऐकत होती.

रविवारी दुपारी ती आमच्या स्वयंपाकघरात आली. रक्तदाब मोजायचं यंत्र तिच्या हातात होतं.

"वहिनी, मेणबत्ती आहे का गं? आणि एक संपलेलं पेन दे."

"कुणाचा रक्तदाब घेतेस? मेणबत्तीचा?"

"बघ तर खरं. दादा, तू त्या बाजूला बस आणि नगराध्यक्षांसारखं तोंड कर."

माझ्या नवऱ्याने तोंड एवढंसं केलं. हिने यंत्राचा दंडाला बांधायचा पट्टा काढला, मुठीत मावणारा रबरी फुगा आणि नळी ठेवली. नळीच्या टोकाला पेनाची रिकामी कांडी खोचली, ती मेणबत्तीला टेकवून उभी केली आणि नळी टेबलाखालून आपल्या मांडीपर्यंत नेली. मग डोळे मिटून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "हे विश्वचैतन्या, माझा दादा घरात काडीचं काम करतो का?"

ज्योत ताठच राहिली. आम्ही दोघी खिदळलो.

"बरं, याने आजपासून भांडी घासावीत का?"

तिने फुगा दाबला. ज्योत तिच्या दादापुढे मस्त वाकली. नवरा खुर्चीतून उठलाच. "अगं, ही मला नमस्कार करतेय!"

"करू दे. या घरात कुणीतरी पहिल्यांदाच तुझ्यापुढे झुकलंय," नणंद म्हणाली आणि तिने मूठ सैल केली. फुग्याने मागच्या भोकातून हवा ओढली. फुस्स.

"हा आवाज!" तिने बोट वर केलं. "दिवसभर गरोदर बायांचा रक्तदाब मोजते मी, झोपेतही ओळखेन. ज्योत झुकली आणि लगेच महाराजांच्या मांडीखालून हाच फुस्स आला. सज्जातल्या आरडाओरड्यात कुणाला ऐकू जाणार? मी अगदी शेजारी होते म्हणून कळलं."

माझ्या अंगात आनंदाची अशी लहर आली की मी तिचा गालगुच्चाच घेतला. "मग पुढच्या सभेत आसन उचलून दाखवू!"

"भक्त तुला आसनाजवळ फिरकू देतील? उलट देवाचा अपमान केला म्हणतील. त्यापेक्षा असं बघ, ज्योत नेहमी नगराध्यक्षांकडेच का झुकते? फुंकर महाराजांच्या बाजूने येते म्हणून. दिव्यात त्या बाजूला बारीकसं छिद्र असणार. दिवा अर्धा फिरवला तर?"

मी मेणबत्ती फिरवली. तिने फुगा दाबला. ज्योत तिच्याच नाकावर चाल करून आली. त्यानंतर आम्ही तिघं इतके हसलो की शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आली आणि तीही फुगा दाबत बसली.

पुढच्या सभेला मुंगी शिरायला जागा नव्हती. नणंद सज्जात पहिल्या रांगेत, आणि मी नेहमीप्रमाणे पुढच्या बाकावर, तिवईपासून हातभर. मतं पडली, आठ-आठ.

"सर्वांनी नेत्र मिटावेत," महाराज म्हणाले. "विश्वचैतन्याला निवांतपणा हवा असतो."

सगळ्यांनी डोळे मिटले. माझे दोन उघडे होते. छाती अशी धडधडत होती की वाटलं, आता हो-हो मागून विचारणार, कसला आवाज येतोय. मी पुढे वाकले, दिव्याच्या बुडाला हात घातला आणि तो अलगद अर्धा फिरवला. खालून नळी जरा अडखळली, मग वळली. मी जागेवर बसून अगदी भाविक चेहरा केला.

"ज्योते, कौल दे!" महाराज गरजले, तसे बाकीच्यांनी डोळे उघडले. महाराजांचे अजून मिटलेलेच होते, समाधी म्हटल्यावर मिटायलाच हवेत.

ज्योत झुकली, आणि ती महाराजांकडे.

सज्जातला जयजयकार अर्ध्यावर अडकला. नगराध्यक्षांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "ही... ही मागे झुकली का?"

"हरकतीचा मुद्दा!" तिकडचा एक ओरडला. "मागे झुकणं म्हणजे हो की नाही?"

"हो हो," हो-हो म्हणाले.

"नियमात मागचं काही लिहिलेलंच नाही!"

जयजयकार येईना, तेव्हा ज्योत नीट दिसली नसावी असं महाराजांना वाटलं. त्यांनी पुन्हा फुगा दाबला आणि मग जोरजोरात दाबायलाच लागले. ज्योत वेड्यासारखी त्यांच्याकडे धावायची, मागे यायची, पुन्हा धावायची. आता सभागृहात इतकी शांतता होती की प्रत्येकाला ऐकू आलं. फुस्स. फुस्स. फुस्स.

"भक्तांनो, कौल स्पष्ट आहे!" असं म्हणत महाराज भावनेच्या भरात पुढे वाकले. दाढीचं टोक ज्योतीला लागलं. चर्र असा आवाज झाला, जळक्या केसांचा वास सुटला आणि विश्वचैतन्याचा प्रतिनिधी "अगं आई गं!" करत आसनावरून उठला तो थेट तिकडच्या बाकावर जाऊन पडला. एका शिपायाने त्यांच्या दाढीवर पाण्याचा पेला रिकामा केला. मखमलीवर राखाडी रबरी फुगा उरला होता. त्याची नळी गालिच्याखालून तिवईत आणि तिवईतून दिव्यात गेली होती.

नणंद जिना उतरून खाली आली. तिने फुगा उचलला, सगळ्यांना दाखवला आणि शांतपणे विचारलं, "ज्योते, हे सभागृह उचलून चंद्रावर न्यायचं का?"

ज्योत झुकली.

"नगरसेवकांचं मानधन बंद करायचं का?"

ज्योत झुकली. इकडचे आणि तिकडचे एका सुरात "नाही, नाही" म्हणाले, पहिल्यांदाच. मग सज्जात जे हसू फुटलं ते आवरेना. गटाराच्या सभेला खुर्चीवर चढलेले आजोबा खाली येऊन रांगेत उभे राहिले, त्यांनाही दाबून पाहायचं होतं. त्या गडबडीत महाराज मागच्या दाराने गेले.

पण ठराव बाकी होता. नव्याने मतं घ्यायची ठरली. तिकडच्या बाकावर आमच्यातल्या सर्वांत वयस्कर सभासद बसतात, त्यांना सगळे मोठ्या काकू म्हणतात. पूजा झाल्याशिवाय त्या तोंडात पाण्याचा थेंब घेत नाहीत. त्या उठल्या.

"मी देव मानते, आणि मरेपर्यंत मानणार," त्या म्हणाल्या. "त्याला मला काही सांगायचं असेल तर तो मला सांगेल. नगरपालिकेला कशाला सांगेल? त्याची काय इथे नळपट्टी थकलीय? माझं मत प्रसूतिगृहाला."

मला टाळी वाजवावीशी वाटली आणि मी ती वाजवलीही. पण तेवढ्यात हो-हो, जे आमच्या बाजूचे, चुळबुळत म्हणाले, "हो हो, फसवणूक झाली खरी, पण मठाची माणसं माझ्या प्रभागात फार आहेत हो," आणि त्यांनी मठाच्या बाजूने मत दिलं. पुन्हा आठ-आठ.

सगळे नगराध्यक्षांकडे बघायला लागले. नगराध्यक्षांनी सवयीने दिव्याकडे पाहिलं. नणंदेने तो फुंकून विझवला.

"मला जमत नाही हो," ते एवढ्या हळू बोलले की पुढच्या बाकावरच ऐकू आलं. "दिवा होता तेव्हा लोक मला शिव्या देत नव्हते. मला ठाऊक होतं की काहीतरी गोलमाल आहे. पण बरं वाटत होतं."

"भाऊ," नणंद म्हणाली, "शिव्या मीही खाते. उशीर झाला की नातेवाईक मलाच धरतात. पण त्या बाईसाठी काय करायचं ते मलाच ठरवावं लागतं, दिवा लावून बसून चालत नाही."

वाचकहो, देव मानायचा की नाही, कुठला मानायचा, ते ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या मनाशी ठरवावं. त्यात नगरपालिकेने नाक खुपसू नये. पण गावाचं पाणी, शाळा, दवाखाना यांचा निर्णय होताना कुणी म्हणालं की वरून आदेश आलाय, तर हात जोडायच्या आधी एवढं विचारा: वरून म्हणजे कुठून, आणि नळी कुठल्या गालिच्याखालून गेली आहे? ज्याला प्रश्न विचारता येत नाही, ज्याला पुढच्या निवडणुकीत घरी बसवता येत नाही, त्याच्या नावाने कुणी राज्य करायला लागलं की समजावं, फुगा कुणाच्या तरी मांडीखाली आहे.

नगराध्यक्षांनी हात वर उचलला. तो खाली आला नाही. "प्रसूतिगृह राहील," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मठाची माणसं दुकानावर चालून गेली. मी समोरच्या फुटपाथवर होते, आपला माणूस आता पुन्हा कच खाणार या धास्तीने रस्ता ओलांडायला निघाले होते. त्यांचा पुढारी टेबलावर हात आपटून ओरडला, "कुणाच्या आदेशाने केलंत हे?"

छत्र्यांच्या दुकानदाराचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी टेबलावरून पडलेली छत्री उचलून जागेवर ठेवली.

"कुणाच्याच नाही," ते म्हणाले. "मी केलं."