झाकण लागलेलं असेल तर

ऑफिसात तिला सगळे पोथी म्हणत. अवजारांची माहिती लिहायची हे तिचं काम, पण ही अवजारं हातात धरायची नव्हती, प्रोग्राम जुळवायचे तयार तुकडे होते. कारखान्याच्या भिंतीवर एक पेटी असते, कंट्रोलर. ती मोटारीला फिर म्हणते, थांब म्हणते. त्या पेटीचा प्रोग्राम आता कॉम्प्युटरमधला एआय एजंट लिहायचा, आणि कुठलं अवजार कधी उचलायचं ते पोथीच्या ओळी वाचून ठरवायचा. माणसं तिचं लिखाण उघडूनही बघत नसत. एजंट मात्र शब्द न् शब्द वाची, आणि वाचलं तेच करी. असा वाचक मिळाला म्हणून ती हरखून गेली होती.

त्या सकाळी चाचणीच्या खोलीत रंग ढवळायचं पिंप आणलं. कारखान्यात असतं तसंच, फक्त लहान. झाकण लावलं, तर आतलं पातं गप्प. वायरमनकाकांनी झाकण उचलून आत डोकावलं, आणि पातं गरगरा फिरलं. काका कपाळापासून पोटापर्यंत निळे.

"इतका रंगात मी कधी आलो नव्हतो," काका म्हणाले.

सगळे हसले. पोथीला हसू फुटेना. उद्या हाच प्रोग्राम कारखान्यातल्या मोठ्या पिंपावर चढायचा होता, आणि त्या पिंपावर तिचा दादा होता. पाळी संपली की तो झाकण उघडायचा, कोपरापर्यंत हात घालायचा आणि लेकराचं तोंड पुसावं तसं ते पातं पुसायचा.

तिने एजंटला विचारलं. पडद्यावर उत्तर उमटलं, 'आपल्या ओळीप्रमाणेच केले आहे.' ओळ तिचीच होती: झाकणाचा स्विच बंद असेल तर पातं फिरवू नये.

"मग बरोबरच लिहिलंय मी. झाकण उघडलं, स्विच बंद झाला, पातं थांबायला हवं."

"अगं, स्विच बंद म्हणजे आतल्या पट्ट्या जुळल्या," काका भुवया पुसत म्हणाले. "झाकण बसलं की बंद. शाळेत नाही शिकलीस? परिपथ बंद झाला की दिवा लागतो."

"दिवा लागला म्हणजे चालूच झालं ना?"

"दिवा चालू. परिपथ बंद."

"माझ्याकडे बंद म्हणजे शून्य, वीज नाही," कोपऱ्यात बसलेला प्रोग्रामर मान वर न करता म्हणाला.

"म्हणजे नळ बंद केला की पाणी थांबतं, आणि परिपथ बंद केला की वीज वाहते?"

"आत्ता कसं बोललीस," काका म्हणाले. ती काय बोलली ते तिलाच कळलं नव्हतं.

संध्याकाळी घरी वहिनी बाळाला झबलं घालत होती. "याचे बंद बांध गं जरा, मासोळीसारखा निसटतोय नुसता."

पोथीने बंद हातात घेतले आणि तशीच बसून राहिली. हा बंद बांधला की दोन काठ एकमेकांना भेटतात. तो दरवाजा बंद केला की दोन माणसं तुटतात. शब्द तोच, इकडे जोडणारा, तिकडे तोडणारा. आणि अशा शब्दावर तिने दादाचे हात ठेवले होते.

दादा आला. नखांत निळा रंग.

"दादा, तुमच्यात बंद म्हणजे काय रे?"

"घरी जायचं," दादा म्हणाला, आणि बाळाला उचलून घेतलं.

सकाळी तिने बंदला ओळीतून हाकलून दिलं. लिहिलं: झाकण लागलेलं असेल तरच पातं फिरवा.

एजंटने विचारलं, 'लागलेलं म्हणजे कसे? दिवा लागतो, भूक लागते, ठेच लागते.'

तिने खोडून 'बसलेलं' केलं.

'घसा बसतो तसे का?'

पोथीने कपाळाला हात लावला. मग एकेक शब्द गव्हातल्या खड्यासारखा निवडत तिने लिहिलं: झाकण पिंपाच्या काठाला टेकलं की या स्विचमधून वीज वाहते. वीज वाहत असेल तरच पातं फिरवा. वाहत नसेल तर फिरवू नका. आणि का कोण जाणे, खाली आणखी एक ओळ लिहिली: तेव्हा आत माझ्या दादाचे हात असतात.

'समजले,' एजंट म्हणाला. काय समजलं, ते विचारायचं तिचं धाडस झालं नाही.

काकांनी या वेळी दाराआड उभं राहून काठीने झाकण उचललं. पातं हललं नाही. झाकण टाकलं, पातं फिरलं. पुन्हा उचललं. थांबलं.

"झालं की," काका म्हणाले. "आता का तोंड पाडून बसलीस?"

तिने बाहेर जाऊन दादाला फोन लावला. "ऐक. आज झाकणाला हात लावायच्या आधी भिंतीतला प्लग काढ, आणि खिशात घाल."

"म्हणजे मशीन बंद कर. असंच ना?"



"तू प्लग काढ, दादा," ती म्हणाली. "बाकी मला काही विचारू नकोस."