डुगडुगता सूक्ष्मदर्शक आणि न मरणारे कृमी

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. मित्रांनो, आजवर कुणी विचारलं नाही म्हणून बोललो नाही, पण आता राहवत नाही.

काचा घासून मला घडवलं तेव्हा माझ्यातून धुळीचा कण दगडाएवढा दिसे. पुढे मी एका प्रयोगशाळेत आलो. सजीव म्हातारे का होतात, हे तिथे शोधत होते. मला वापरणाऱ्या संशोधक बाईंच्या मते, ऑक्सिजनपासून पेशींत काही आडदांड रेणू तयार होतात आणि दिसेल त्याला ओरबाडतात. शेजारच्या प्रयोगशाळेतले सर ठासून सांगत, की गुणसूत्रांची टोकं झिजतात म्हणून म्हातारपण येतं. सगळे त्यांना टोकसर म्हणत.

बाई रोज सकाळी काचेच्या बशीतल्या इवल्याशा कृमींना तारेने हळूच डिवचत. हलला तर जिवंत, नाहीतर मेला. आडदांड रेणूंना आवरणारं औषध दिलेले कृमी माझ्याखाली मोजत, बिनऔषधाचे नव्या सूक्ष्मदर्शकाखाली.

पण माझ्या बैठकीचा स्क्रू ढिला झाला होता. बाईंनी दुरुस्तीसाठी तीन अर्ज केले. यंत्र चालू आहे ना, मग चालवा, असं कार्यालयाने कळवलं. मी डुगडुगत राहिलो आणि मेलेले कृमीही हलताना दिसू लागले. मला ते समजत होतं, पण सांगणार कसा?

औषधवाले कृमी पाच दिवस जास्त जगले, असा बाईंचा शोधनिबंध छापून आला. कौतुक झालं. मलाही मऊ फडक्याने पुसून माझा फोटो काढला. मग टोकसरांनी आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली तोच प्रयोग करून पाहिला. काहीच फरक पडेना. ते आले, माझ्यातून बघत बसले आणि त्यांनी बैठक बोटाने दाबून धरली. कृमी हलायचा थांबला.

"बाई, जरा बघता का?"

बाईंनी बराच वेळ पाहिलं. चूक यंत्राची आहे, तसंच लिहा, असं सरांनी समजावलं.

"स्क्रू ढिला आहे हे मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "आकडे हवे तसे येत होते, म्हणून मी तशीच मोजत राहिले."

त्यांनी निबंध मागे घेतला. सरांनी अर्ध्या मिनिटात स्क्रू आवळला. अर्ध्या मिनिटात! त्यासाठी दोन वर्षं गेली. बाईंनी पहिल्यापासून मोजायला घेतलं, या वेळी दोन्ही बशा माझ्याचखाली. दोन्हींतले कृमी एकाच सुमारास मेले.

मित्रांनो, तुमच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक डुगडुगत असेल, तर आजच कुणाला तरी सांगा. आणि त्यातून उत्तर अगदी तुम्हाला हवं तसंच येत असेल, तर आधी धावत जाऊन सांगा.